शालीखालचा हात

लाल ठिपका हिरवा झाला तेव्हा अप्पांना भरवायची वेळ टळून चालली होती. एका हातात आंबिलीची वाटी आणि दुसरा हात कीबोर्डवर, अशी मी टेबलाशी उभीच होते. कोड लिहायच्या एडिटरच्या कोपऱ्यात कितीतरी दिवस रुसून बसलेला तो ठिपका काही एक न बोलता रंग बदलून मोकळा झाला, आणि त्याच्यापुढं उमटलं: अकरा टूल्स. मी वाटी खाली ठेवली. खरं तर ह्यात बघत उभं राहण्यासारखं काही नव्हतं. एका फाईलीतली एक ओळ मी बदलली होती आणि जे जोडलं जायला हवं होतं ते जोडलं गेलं होतं. पण मला घरात कुणी पाहुणं आल्यासारखं वाटलं, ओढणी सारखी करावी असं. लातूरला, औसा रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर त्या घटकेला मी होते, हॉलमध्ये कॉटवर माझे वडील होते, आणि आता आणखी कुणीतरी होतं. ते कुठं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मनात एवढंच आलं की बाई गं, किती लांबून ओ दिली.

माझं काम काय आहे हे नातेवाइकांना समजावून सांगायचा नाद मी सोडून दिलाय. नवरा, दयानंद, इथल्या एका शिकवणीत फिजिक्स शिकवतो आणि दिवसभर पोरांच्या गराड्यात असतो. त्याला कुणी विचारलं तर तो म्हणतो, ती कॉम्प्युटरवर असते. एखादी बाई माहेरी असावी तसं. तर मी हैदराबादच्या एका कंपनीसाठी घरी बसून कोड लिहिते, आणि हल्ली निम्मा कोड एडिटरात बसलेला एआयच लिहितो. हा एआय बोलायला मोठा हुशार, पण त्याला हात नसतात. विचारलं तर उकाड्यावर दहा उपाय सांगेल, उठून पंखा लावणार नाही. हात दुसरीकडे असतात, लांबच्या कुठल्याशा सर्व्हरवर, आणि ते हात म्हणजेच टूल्स. आमचं गिऱ्हाईक एक गोदामवाली कंपनी. तिची धान्याची गोदामं गावोगाव, आणि त्यांतला ओलावा मोजणं, ऊब मोजणं, हवेचे पंखे चालू-बंद करणं ही सगळी टूल्स त्या एका सर्व्हरवर. माझ्या एडिटरातल्या एआयची आणि त्या सर्व्हरची गाठ घालून द्यायची, एवढंच मला सांगितलं होतं. सोयरीक जमवण्यासारखं काम, आणि सोयरिकीसारखंच ते अडून बसलं होतं. पत्ता दिला, ओळखीचं टोकन दिलं, ठिपका लाल. पुन्हा दिलं, पुन्हा लाल. शेवटी मी टीमला कळवून टाकलं की सर्व्हर मेलेला आहे. त्यावर सकाळीच आरतीचा फोन आला. आरती माझी वरिष्ठ, वयानं माझ्याहून धाकटी, मूळची देगलूरची. ऑफिसात फाडफाड इंग्रजी बोलते आणि माझ्याशी बोलताना गावाकडं येते.

"मेला म्हणून कशावरनं सांगितलं तू?" तिनं विचारलं.

"ओ देत न्हाई. किती हाका मारू?"

"अगं, जिता हाय तो. आता, ह्या घडीला मी बोलून राहिले त्याच्यासंगं. तू जुन्या दारावर थापा मारून राहिली. ते दार त्यांनी कवाच बुजवलं. पत्त्याची शेवटची ओळ बदल, नव्या दारानं जा, मग बघ बोलतोय का न्हाई."

"मग दार बुजवलंय एवढं तरी सांगायचं की त्यानं."

"त्याला काय माहीत, तू त्या दाराशी उभी हाईस म्हणून?" आरती म्हणाली आणि हसत हसत तिनं फोन ठेवला.

मी ओळ बदलली ती अप्पांची आंबील गॅसवर असताना, आणि आता वाटी निवत होती तरी मला हलवेना. मी त्या दोघांचं बोलणं वाचायला घेतलं. एडिटर आणि सर्व्हर एकमेकांशी जे बोलतात ते सगळं एका कोपऱ्यात लिहून पडत असतं. कुणी वाचत नाही, मीही इतकी वर्षं कधी वाचलं नव्हतं. चाललं की चाललं, कोण कशाला बघतंय. एडिटरनं आधी स्वतःची ओळख सांगितली, मी अमुक, माझी बोली अमुक, तुला चालेल का. सर्व्हर म्हणाला, चालेल. मग एडिटरनं विचारलं, तुला काय काय येतं? बस्स. हे दे, ते उघड, असं काही नाही. आणि सर्व्हरनं एकेक करून सांगितलं, मला हे येतं, त्यासाठी तू मला एवढं सांगायला हवंस. मला तेही येतं. जे येत नव्हतं त्याबद्दल तो बोलला नाही आणि एडिटरनंही त्याचा विषय काढला नाही. मला वाटलं, काय रीत आहे ही. लग्न ठरवताना मला कुणी असं विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं, पुरण वाटता येतं का.

मग गंमत म्हणून मी एआयला म्हटलं, मुरुडच्या गोदामात ओलावा किती आहे बघ. तो लगेच धावला नाही. थांबून त्यानं मला विचारलं, ओलावा मोजायचं टूल वापरतो आहे, वापरू का? मी हो म्हटलं. मुरुड आमच्या घरापासून बसनं तासाभराच्या आत. माझा प्रश्न मात्र सातासमुद्रापार कुठल्याशा देशात असलेल्या सर्व्हरकडं गेला, तिथून वळून पुन्हा लातूर जिल्ह्यात आला, मुरुडच्या पत्र्याखाली तुरीच्या थप्पीत खुपसलेल्या एका सळईला जाऊन भिडला, आणि तिनं सांगितलेला आकडा घेऊन आल्या वाटेनं परत माझ्या टेबलावर आला, मी श्वास सोडायच्या आत. माझ्या अंगावर काटा आला. शिकल्यासवरल्या बाईनं असं म्हणू नये, पण मी त्या पडद्याला मनातल्या मनात हात जोडले. अप्पा तुरीचा दाणा दाढेखाली फोडून ओलावा सांगायचे. आवाज ऐकायचे दाण्याचा. त्यांना हे दाखवावं असं एकदम वाटून मी वळले, आणि मग ते कॉटवर कसे आहेत ते आठवलं.

अप्पा म्हणजे महादेवप्पा, उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडतदार. आता म्हणजे डावी बाजू लुळी, दुसऱ्या झटक्यात वाचाही गेलेली, मान उशीवर एका अंगाला कललेली आणि डोळे अर्धवट मिटलेले. सकाळी मी त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवते, आणि तो तळहात धरत नाही म्हणून खालून माझा हात लावते. उजवा हात तेवढा हलतो. पण नुसता हलतो, असं आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी त्यांना आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यांदा विचारलं होतं, "आजोबा, दोन बोटं दाखवा बघू." दोन नर्सा, मी, अण्णा, दयानंद, शेजारच्या पेशंटची माणसं, सगळी बघत उभी. अप्पांनी मूठ घट्ट मिटली ती उघडली नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. समज राहिलेली दिसत नाही, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणि ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. त्यानंतर अण्णा, माझा थोरला भाऊ शिवप्पा, कॉटशी उभा राहून मला म्हणाला होता, "मंजे, अप्पा आता हायत कुठं? नुसतं शरीर हाय." मी हं म्हटलं होतं. मी थकले होते. अण्णा नांदेडला असतो. तिथं अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारं एक केंद्र त्यानं बघून ठेवलं. आज दुपारी तो गाडी घेऊन येणार होता. अप्पांची दोन धोतरं, औषधं, लुंग्या, सगळं मी सकाळीच पिशवीत भरलं होतं. अप्पा आत आहेत की नाहीत, ह्याचा निकाल आम्ही लावून टाकला होता, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी वाटी घेऊन त्यांच्याशी बसले. त्यांचा उजवा हात शालीकडं सरकत होता. हे त्यांचं नेहमीचं. ऐन वैशाखात, पंख्याची हवासुद्धा भाजत असताना हा माणूस शाल अंगावर ओढायचा, आणि तिच्याखाली चाचपडत राहायचा. मी शाल काढून घ्यायची. समज गेली की उन्हाळा-हिवाळा कळत नाही, असं मी दयानंदला सांगितलं होतं, आणि त्यांचा व्यायाम करून घ्यायला येणारी पुनम म्हणाली होती की हातात रबरी चेंडू द्या, चाळा राहतो. शाल सारखी करताना माझा हात आत गेला की अप्पा माझी बोटं धरायचे. पुनम म्हणाली होती, ते आपोआप होतं, तान्ह्या बाळाच्या मुठीत बोट दिलं तर बाळ धरतंच की. आम्ही दोघी त्यावर हसलोही होतो. आजही मी शाल काढायला म्हणून हात लावला, आणि आरतीचं सकाळचं बोलणं कानात आलं, जिता हाय तो, तू जुन्या दारावर थापा मारून राहिली. मी शाल तशीच धरून बसले.  आम्ही ह्यांना काय काय म्हणत होतो सकाळपासून रात्रीपर्यंत? तोंड उघडा. गिळा. कुशीवर व्हा. बोटं दाखवा. अप्पा, तुम्हाला काय येतं, असं आम्ही कधी विचारलं होतं?

आणि मग मोंढा आठवला, असा आठवला की हळदीचा आणि गोणपाटाचा वास आला. मी लहान होते तेव्हा कायद्यानं उघडा लिलाव आलेला होता. सकाळी ओरडून बोली व्हायच्या. पण दुपार उतरली की जुनी माणसं आपसातले सौदे हत्त्यावरच करत. हत्ता म्हणजे दोघांनी हात हातात द्यायचा, वर उपरणं टाकायचं, आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा. लेकाचं लग्न कधी, उदगीरला रेल्वे वेळेवर आली का. आकडा मात्र बोटांत. मान्य नसेल तर समोरच्याची बोटं हलकेच दुमडून टाकायची आणि आपला आकडा धरायचा. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नसे, आणि कळू देणं म्हणजे नागडं होणं. अप्पा म्हणायचे, उघड्यावर बोट दाखवतो तो व्यापारी न्हाई, तो हमालाला हाका मारतो. मुलीच्या जातीनं मोंढ्यात रेंगाळायचं नसे, पण शाळेतून आले की अव्वा, माझी आई, माझ्याकडं डबा द्यायची, आणि अप्पा गादीवर मला जवळ बसवून माझ्या हातावर उपरणं टाकायचे. किती भाकरी आणल्यास? मी त्यांची दोन बोटं धरायची. ते माझी बोटं दुमडायचे आणि तीन धरायचे. मी हसून लोळायची. माझ्या लेखी तो खेळ होता, म्हणून तो परकराबरोबर कुठंतरी मागं राहून गेला. अप्पांच्या लेखी तो खेळ नव्हता. ती त्यांची बोली होती, पन्नास वर्षांची, आणि डॉक्टरांनी त्यांना भर माणसांत, उघड्यावर बोट दाखवायला सांगितलं होतं. ज्या शालीखाली ते बोलू बघत होते ती मी मायेनं काढून घेत होते, रोज, उकडत असेल म्हणून.

मी शाल त्यांच्या हातावर नीट पसरली. माझा हात आत घातला. खूप भीती वाटली, हे सांगते. आत काही नसलं तर काय, ह्याची थोडी. आणि असलं तर, ह्याची जास्त. त्यांचा तळवा कोरडा आणि ऊन होता. काय विचारावं सुचेना. म्हटलं, "अप्पा, पोरं किती तुम्हाला?" आणि खेळात करायची तशी, उत्तर मीच देत त्यांची दोन बोटं धरली. अण्णा आणि मी.

त्यांनी माझी बोटं दुमडली. सावकाश, पण दुमडली. मग चाचपडत माझी तीन बोटं गोळा केली आणि धरून ठेवली.

माझं मन खचलं. तीन. चुकलं. म्हणजे पुनमचंच खरं, हात आपला हलतोय. मी हात काढून घेणार होते, पण पकड सैल होईना. धरली होती ती बोटं त्यांनी दाबली, जसा अडलेला माणूस तेच वाक्य पुन्हा म्हणतो. आणि मग माझ्या डोक्यात कुठलंसं दार उघडलं. अण्णाच्या पाठीवर आणि माझ्या आधी एक मुलगी झाली होती. गुरम्मा. रांगायलाही लागली नव्हती, तेव्हाच गेली. आमच्यात पुरतात; तिला पुरलं होतं त्या शेताच्या बांधापाशी अव्वा वर्षातून एकदा जाऊन बसायची, आणि आम्ही विचारलं तर म्हणायची, काही न्हाई, पाय दुखले. अव्वा गेल्यापासून ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. अप्पांनी तर कधीच नाही. मला वाटायचं, त्यांच्या हिशेबात ती धरलेलीच नाही. मी म्हटलं, "गुरम्मा?" आणि शालीखाली त्यांनी माझा अख्खा पंजा आपल्या पंजात घेतला.

हात तसाच ठेवून मी बसले होते. रडत होते, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. मुरुडची सळई आकडा घेऊन आली तेव्हा अंगावर काटा आला होता. आता तर मी माझ्या वडिलांच्या पुढ्यात अशी बसले होते की जणू डोंगर बोलला. केवढा मोठा माणूस त्या कललेल्या मानेच्या आत जागा होता. आमच्या दोघांपेक्षा त्याचा हिशेब पुरा होता. आणि तो जागा होता म्हणजे सगळ्या वेळी जागा होता, हे लगोलग कळलं आणि मी गार पडले. नुसतं शरीर हाय, हे त्यांनी ऐकलं होतं. माझं हं त्यांनी ऐकलं होतं. सकाळी ह्याच खोलीत मी फोनवर केंद्रातल्या बाईंना सांगत होते की नाही हो, काही त्रास देत नाहीत, त्यांना काही कळतच नाही. धोतराच्या घड्या घालता घालता. मी विचारायला तोंड उघडलं, अप्पा, जायचं का तुम्हाला, पण हत्त्यात ह्याला आकडा कोणता ते मला येत नव्हतं; मला भाकरीपुरतंच येत होतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

अण्णा घामेजून आत आला. खाली ड्रायव्हरनं, मारोतीनं, गाडी सुरूच ठेवली होती, तिचा आवाज वर येत होता. "आवरलं का, मंजे?" तो म्हणाला. "मारोतीला रात्रीचं दुसरं भाडं हाय. उशीर करू नको."

"अण्णा, आधी इथं बस. शालीखाली हात घाल."

"काय लावलंय हे? एवढ्या उन्हात शाल कशाला टाकली त्यांच्यावर?"

"हात घाल. मग ने त्यांना. मी आडवी येत न्हाई."

"डॉक्टर म्हणला ना गं, ते नुसतं धरतेत." त्याचा आवाज चिडका होता, पण मला ठाऊक आहे, अण्णा घाबरला की चिडतो.

"मी पोरं किती म्हणून विचारलं. दोन धरली तर मोडली त्यांनी. तीन धरली."

अण्णा उभाच राहिला. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं तशी त्याची नजर शालीवर गेली. गुरम्मा गेली तेव्हा तो शाळेत जायला लागला होता. त्याला ती आठवत असणार, मला नाही. तो खुर्ची ओढून कॉटशी बसला. आणि मग त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. त्यानं शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, पाठ ताठ केली. मोंढ्यात गादीवर बसायचा तसा. अप्पांच्या हाताखाली तो चौदा वर्षं बसला होता, त्याला भाकरीच्या पुढचं सगळं येत होतं. त्यानं हात शालीखाली घातला.

शाल हलायला लागली. मला तेवढंच दिसत होतं. आत कोण काय धरतंय, कोण काय मोडतंय, काही कळत नव्हतं. कळू नये म्हणूनच तर ती असते. अण्णाचा चेहरा व्यापाऱ्याचा, कोरा. एकदा त्याची भुवई किंचित वर गेली. एकदा त्यानं मान हलवली आणि पुढं वाकला, आणि अप्पांचा दंड हलला, म्हणजे त्यांनी काहीतरी जोरानं मोडलं होतं. खाली मारोतीनं हॉर्न वाजवला. अण्णाला तो ऐकूच गेला नाही. त्यानं खालचा ओठ दातांखाली धरला होता. मग शाल हलायची थांबली. अण्णानं डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला, अंगठ्यानं नंबर लावला.

"मारोती, तू जा," तो म्हणाला. "गाडी घेऊन जा तू. न्हाई, उद्या बी न्हाई. केंद्रात मी सांगतो काय सांगायचं ते."

मी विचारलं, "काय म्हणाले, अण्णा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. पन्नाशीचा माणूस, पण त्या क्षणी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता. "हत्त्यातलं बाहेर सांगत न्हाईत, मंजे," तो म्हणाला.

गाडी सुरू होऊन औसा रोडला लागल्याचा आवाज आला, आणि मग नुसता पंखा. मोंढ्यात सौदा ठरला की दोघं ताबडतोब हात काढून घेतात. जो रेंगाळतो त्याला बाकीचे हसतात, ह्याला भाव पटला नाही म्हणून. अण्णानं हात काढला नाही. मी बघत राहिले. अप्पांनीही सोडला नव्हता.